हेब्बाळकर सरांचं कपाट

रेवती कित्तूरकरला सूचना आली तेव्हा ती नववी ‘ब’चे निबंध तपासत होती. टेबलावरचा फोन थरथरला, तिने सवयीने बघितलं आणि हातातलं लाल पेन कुणाच्या तरी ‘माझ्या आवडत्या ऋतू’वर तसंच टेकून राहिलं. शाईचा डाग पसरत पसरत पुढच्या दोन ओळी खाऊन गेला तरी तिला कळलं नाही.

‘आपल्या वाचनात गेल्या अठरा महिन्यांपासून सातत्याने बदल दिसत आहे. हा बदल स्मृतिविकाराच्या प्रारंभिक लक्षणांशी जुळतो. कृपया तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तीस दिवसांत तपासणीची नोंद न झाल्यास ही सूचना अध्यापक विकास मंडळाकडे पाठवली जाईल.’ आणि त्याखाली, रोजच्यासारखंच, फुलांच्या वेलीत गुंफलेलं : ‘वाचत राहा, वाढत राहा.’

तिचं वय बेचाळीस. तिने आधी फोन पालथा ठेवला आणि मनातल्या मनात एकोणिसाचा पाढा म्हणून बघितला. ‘एकोणीस साते’पाशी ती अडखळली. तिथे ती चौथीपासून अडखळत आली होती, पण आज त्याने काही धीर आला नाही.

सूचना पाठवली होती ‘पानोपान’ने. अडीच वर्षांपूर्वी मंडळाने ही सोय आणली तेव्हा सगळ्यांना ती साधीशी वाटली होती. प्रत्येक शिक्षकाचं इंटरनेटवर एक कपाट. वाचलेलं पुस्तक त्यात लावायचं, विषय आणि प्रकार नोंदवायचे, दोन ओळी लिहायच्या. दुसऱ्या गावचा शिक्षक तुमचं कपाट उघडून बघणार, तुम्ही त्याचं. नुसत्या व्याख्यानांच्या प्रशिक्षणाला कंटाळलेल्या मंडळींना हे बरंच वाटलं. पण शिक्षकांची जात मंडळ ओळखून होतं. न वाचताच पुस्तकं लावली जाणार, हे त्यांनी आधीच धरलं होतं. म्हणून कपाटाबरोबर प्रत्येकाला एक ‘खूण’ मिळाली.

खूण म्हणजे बोटाएवढी पट्टी. ती पानाच्या वरच्या कडेला अडकवायची. तिच्यात दोन बारीक कॅमेरे, एक पानाकडे बघणारा आणि एक वाचणाऱ्याच्या बुबुळांकडे. चेहरा ओळखायचा नाही, असा कायदा होता, त्यामुळे ती फक्त नजर मोजायची. आपल्याला वाटतं, डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहत जातो. तसं काही नसतं. डोळा उड्या मारतो. एका शब्दावर पाव सेकंद थांबतो, दोन शब्द सोडून पुढे जातो, मधेच मागे वळून एखादा शब्द पुन्हा बघतो. आणि यातली खरी गंमत सोडलेल्या शब्दांत असते. वाक्य ओळखीच्या वळणाचं असलं की पुढचा शब्द काय येणार हे मेंदूला आधीच कळतं, म्हणून डोळा तिथे थांबतच नाही. स्मृती झिजायला लागली की पहिल्यांदा हा अंदाज जातो. माणूस बोलतो, हसतो, हिशोब करतो, सगळं ठीक असतं. फक्त त्याचा डोळा प्रत्येक शब्दापाशी थांबायला लागतो, अनोळखी गल्लीत प्रत्येक दारावरची पाटी वाचत जावी तसा.

हे मंडळाच्याही ध्यानात आलं ते उशिरा, लाखो पानांची मोजणी जमल्यावर. मग कपाटाला ही आरोग्यसूचनेची फांदी फुटली.

रेवती शाळेची सूचीकार होती, म्हणजे सगळ्यांच्या कपाटांची देखरेख तिच्याकडे. गडहिंग्लजजवळच्या या शाळेचे मुख्याध्यापक मे अखेर निवृत्त होणार होते आणि त्या जागेसाठी मंडळ कपाटं बघणार होतं. तिचं कपाट साऱ्या तालुक्यात सगळ्यांत भरगच्च. एकशे चौदा पुस्तकं. खुर्ची जवळजवळ तिचीच होती, आणि तिला ती हवी होती; उगाच नको नको म्हणण्याचा शहाजोगपणा तिच्यात नव्हता. सूचना मंडळाकडे गेली की खुर्ची तर राहोच, वर्गही हातात राहील की नाही कोण जाणे.

त्यानंतरचे वीस दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. गॅस बंद केला का हे बघायला ती जिन्यावरून दोनदा परत जायची. नवऱ्याने, सुहासने, साधं ‘किल्ल्या कुठायत गं?’ विचारलं तरी आपणच कुठेतरी ठेवून विसरलो असं वाटून ती घरभर शोधत सुटायची. एकदा तिने फ्रीज उघडला आणि कशाला उघडला ते आठवेना, तेव्हा ती तिथेच उभी राहून रडली. सुहास धावत आला तर म्हणाली, कांदा चिरत होते. हातात कांदा नव्हता. त्या दिवसापासून सुहास तिच्याकडे चोरून बघायला लागला, आणि ते तिला सूचनेपेक्षा जास्त बोचायला लागलं.

शाळेत तर सगळेच चमत्कारिक वागतायत असं तिला वाटे. विज्ञानाचे मुल्ला सर पट न बघता हजेरी तोंडपाठ म्हणत आणि चुकलं की रागावत. हिंदीच्या चौगुले बाई डबीतून भिजवलेले बदाम काढून मोजून खात, कुणी बघितलं की डबी पटकन मिटत. रेवतीने ते बघितलं आणि सोडून दिलं. स्वतःच्या काळजीत माणसाला शेजारचं दिसत नाही.

एकविसाव्या दिवशी मंडळाच्या प्रशिक्षणाचं निमित्त सांगून तिने कोल्हापूरची एसटी धरली.

डॉ. इंगवले मेंदूविकाराच्या तज्ज्ञ, तिच्याच वयाच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी तिला समोर बसवून एक उतारा वाचायला दिला, वर त्यांची स्वतःची खूण लावली, मग चित्रं दाखवली, घड्याळ काढायला लावलं. त्यानंतर बाईंनी रेवतीच्या कपाटातली अडीच वर्षांची मोजणी मोठ्या पडद्यावर उघडली आणि एकेक आठवडा बघत मागे मागे गेल्या.

“तुम्ही मोठ्यानं वाचता का?” त्यांनी विचारलं.

“वर्गात वाचते. खूण लावून कधी नाही,” रेवती म्हणाली.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मोठ्याने वाचताना डोळा आवाजाच्या दोन-तीन शब्द पुढे असतो आणि आवाज मागून येईपर्यंत थांबून राहतो, त्यामुळे त्याची चाल वेगळी दिसते. रेवतीच्या कपाटात दोन चाली होत्या. एक संध्याकाळची, घरची, मनातल्या मनात वाचण्याची. ती निरोगी होती, अगदी आत्ता समोर वाचली तशी. दुसरी शनिवारची, सकाळी अकरानंतरची, मोठ्याने वाचण्याची. पानं या दुसऱ्या चालीचीच जास्त, म्हणून सरासरी तिच्याकडे झुकली होती. आणि त्या चालीत अठरा महिन्यांपासून डोळा आवाजाच्या जवळ जवळ येत चालला होता, पुढच्या शब्दाचा अंदाज सुटत चालल्यासारखा.

“बाई, तुम्हाला काही झालेलं नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “ही नजर तुमची नाहीच. कुणाची आहे?”

रेवतीला आधी हसू आलं. छातीवरचा दगड उतरल्याचं, ओंगळ, आपोआप आलेलं हसू. आणि ते ओठांवर असतानाच तिला उत्तर कळलं.

शनिवारी शाळा अकराला सुटते. एकोणीस वर्षांपासून त्यानंतर शिक्षकांच्या खोलीत वाचन चालतं. चहा, कागदावर ओतलेलं भडंग आणि आनंदराव हेब्बाळकर सरांचा आवाज. सर गणिताचे, पण वाचायचे असे की ऐकणाऱ्याने चहा गार करावा. वाक्याच्या शेवटच्या शब्दाआधी ते थांबत आणि भुवया उंचावून सगळ्यांकडे बघत. मग तो शब्द बाकीच्यांनी म्हणायचा. ही त्यांची वर्गातली सवय. रेवती स्वतः त्यांच्या वर्गात बसून असे शब्द पुरवत मोठी झाली होती, आणि पुढे दोनदा नोकरी सोडायला निघाली तेव्हा त्यांनीच तिला थांबवलं होतं.

‘पानोपान’ आलं तेव्हा सरांनी पंचावन्न पूर्ण केली होती. पंचावन्नवाल्यांना सूट होती. त्यांना ना कपाट, ना खूण. बाकी सहा जणांना मात्र तास भरायचे होते. मग कुणीतरी म्हणालं, आपण ऐकतो ते वाचल्यासारखंच की. सरांच्या पुस्तकावर आमच्या खुणा लावल्या तर काय बिघडलं? सहाच्या सहा खुणा पानाच्या कडेला ओळीने लागल्या, दोरीवर चिमटे लावावेत तशा. लबाडी करतोय असं एकालाही वाटलं नाही, कारण ऐकत तर सगळेच होते, आणि मन लावून. उलट ‘एकसमान वाचनगती’साठी मंडळाने शाळेला ढाल दिली. ती ढाल अजून मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे.

डॉक्टरांचं पुढचं बोलणं तिने लिहून घेतलं. हा आजार एरवी इतक्या लवकर सापडत नाही, आता जी औषधं आहेत ती याच टप्प्यावर खरी उपयोगी पडतात, माणसाच्या हाताशी बरीच चांगली वर्षं राहतात. पण मंडळाच्या योजनेतून ती मिळायची तर रुग्णाच्या स्वतःच्या नावावर दोन वर्षांची नजरेची मोजणी लागते. नव्याने मोजायला बसलो तर ती दोन वर्षं गेली. मोजणी इथे आहे, आयती, फक्त भलत्यांच्या कपाटात. ती हलवण्याचा अधिकार शाळेच्या सूचीकाराला, लेखी प्रतिज्ञापत्र देऊन.

परतीच्या एसटीत तिला मुल्ला सरांची हजेरी आठवली, चौगुले बाईंचे बदाम आठवले. सहा खुणा, सहा कपाटं. सूचना सहाही जणांना गेली असणार. सहा माणसं तीन आठवडे एका टेबलाभोवती बसून, आपण एकटेच वेडे होणार म्हणून झुरत होती, आणि ज्याला काही झालं होतं तो माणूस मधे बसून निवांत भडंग खात होता.

घरी तिने सुहासला सगळं सांगून टाकलं. तो आधी खुर्चीत बसला, मग म्हणाला की तिने हे एकटीने सोसायला नको होतं. पुढे काय करणार, हे त्याने विचारलं नाही. तिलाही ते अजून ठरवायचं होतं. नऊ दिवस होते. गप्प बसली तरी चालणार होतं. डॉक्टरांचा दाखला होता, तिच्यापुरती सूचना मिटली असती. एवढं मनात येऊन गेलं याचीच तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती सरांना घेऊन प्रयोगशाळेमागच्या ओट्यावर बसली. आडवळणाने सांगायचं तिने पाठ केलं होतं, पण सरांनी तिच्याकडे बघितलं आणि ती सरळ बोलली. शनिवारची नजर कुणाची, ती काय सांगते, डॉक्टर काय म्हणाल्या, सगळं.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग त्यांनी हात पुढे केला. “आलेख आहे का? दाखव.”

तिने कागद दिला. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, दोन बिंदू घेतले, खाली काटकोन काढला आणि समासात आकडा मांडला. गणिताच्या माणसाला दुसरं काय येणार. त्यांचा हात स्थिर होता.

“उतार फार नाही बघ,” ते म्हणाले. “पण आहे. वर जाणारी रेघ नव्हे ही.” मग पेन्सिल खिशात ठेवून म्हणाले, “मला वाटायचं, चष्म्याचा नंबर बदललाय.”

रेवतीने मोजणी हलवायचं सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा चिडले. त्यांना स्वतःचं काही नव्हतं, वर्षभरात ते निवृत्तच व्हायचे होते. त्यांनी तिचाच हिशोब मांडला. सहा जणांची कपाटं रिकामी होणार, ढाल परत जाणार, तिच्या एकशे चौदातली जेमतेम वीस पुस्तकं उरणार, सूचीकार म्हणून दोष तिच्या एकटीच्या माथी येणार.

“जूनमध्ये ऑर्डर निघू दे तुझी. मग काय करायचं ते कर. तीन महिन्यांनी मी काय मोठा येडा होतोय?”

“आणि जूनमध्ये मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबू, तर?”

“तर थांबू की.”

“सर, मला स्वतःची खात्री नाही,” रेवती म्हणाली. “खुर्चीत बसल्यावर मी तुमच्यासाठी उठेन याची. म्हणून आत्ताच.”

हे खरं होतं, आणि खरं बोलल्यामुळे तिला रडू आलं. सरांनी तिच्याकडे न बघता आलेखाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. घंटा झाली. त्यांचा नववीचा तास होता. उठताना ते म्हणाले, “मंडळींना तू सांगू नको. शनिवारी मी सांगतो.”

शनिवारी चहा आला, भडंग ओतलं गेलं, सहा खुणा पुस्तकावर लागल्या. सरांनी एकेक करून त्या काढल्या आणि ज्याच्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या. मग वर्गात प्रमेय सांगावं तसं सांगितलं. तुम्हा सगळ्यांना एक सूचना आली असेल, ती तुमची नव्हे, माझी आहे.

खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा क्षणभर उजळला. रेवतीने ते बघितलं, कारण तिचाही तसाच उजळला होता. मुल्ला सरांनी तर ‘या अल्ला’ म्हणून डोळे मिटले. आणि मग एकेकाच्या लक्षात आलं की आपण कशामुळे सुटलो. कुणी कुणाकडे बघेना. चौगुले बाईंच्या हातात बदामाची डबी होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि बोटाने हळूहळू सरांकडे सरकवली.

प्रतिज्ञापत्रावर सह्या करताना मात्र बाई अडल्या. त्यांची वरिष्ठ श्रेणी त्या कपाटावरच टांगलेली होती. त्यांनी स्पष्ट विचारलं की सगळ्यांचीच पुस्तकं का हलवायची, एकट्या रेवतीची पुरत नाहीत का. विचारण्यात चूक नव्हती. रेवतीने सांगितलं की तिची खूण मधे काही आठवडे बिघडलेली होती, बाकीच्यांच्याही मोजणीत कुठे ना कुठे खंड होता, दोन वर्षांची सलग रेघ सहा जणांची मिळूनच होते. बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. मुल्ला सर सही करून उभेच होते.

“बाई, आपण ऐकलं ते आपल्याकडंच राहणार आहे,” ते म्हणाले. “ते काय मंडळ काढून घेणार नाही.”

बाईंनी पेन घेतलं. सही करताना त्यांनी मंडळाला दोन शिव्याही घातल्या, त्या हिंदीत.

सूचना पुढे जायला चार दिवस उरले असताना रेवतीने ‘पानोपान’मध्ये नवं कपाट उघडलं. ‘वाचकाचे नाव’ या रकान्यात लिहिलं, आनंदराव बसवंत हेब्बाळकर. मग एकेक पुस्तक हलवायला लागली. तिच्या कपाटातून, मुल्लांच्या, चौगुले बाईंच्या. दरवेळी यंत्र विचारायचं, ‘मूळ वाचकाचे वाचन रद्द होईल. खात्री आहे?’ दरवेळी ती ‘हो’ दाबायची. पन्नासाव्याला बोट दुखायला लागलं. ‘ऐकणाऱ्यांची नावे’ असा रकाना त्या यंत्रात कुठेच नव्हता. मग तिने प्रत्येक पुस्तकाच्या शेऱ्यात सहा नावं स्वतः टंकली. त्याचे गुण मिळत नव्हते.

काम संपलं तेव्हा सरांच्या कपाटात सत्त्याण्णव पुस्तकं होती आणि वर हिरव्या अक्षरांत आलं, ‘नवीन वाचकाचे स्वागत. आपण तालुक्यात प्रथम आहात.’

पुढचं अपेक्षेप्रमाणे झालं. ढाल परत मागवणारं पत्र आलं, चौकशी आली, सूचीकारपद गेलं. जूनमध्ये मुख्याध्यापक म्हणून आजऱ्याकडचे एक गृहस्थ रुजू झाले, माणूस बरा होता. ते ज्या दिवशी खुर्चीत बसले त्या दिवशी रेवती घरी येऊन आडवी झाली आणि सुहासने स्वयंपाक केला. वाईट वाटलं नाही असं नाही. ढाल न्यायला मंडळाचा माणूस अजून आलेलाच नाही.

सरांची औषधं सुरू झाली होती. दहावीचा वर्ग काढून त्यांना पाचवी दिली होती, त्यावर ते पहिले आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत आणि नंतर पाचवीच्या पोरांच्या गोष्टी सांगून सगळ्यांना वैताग आणायला लागले.

जूनच्या शेवटच्या शनिवारी सरांनी पुस्तक रेवतीच्या हातात दिलं. डोंगरातल्या एका शाळेच्या मास्तरांच्या आठवणी होत्या. सर म्हणाले, डोळे दमतात, आज तू वाच. पानावर खूण नव्हती. ती सरांसारखं वाचायला गेली आणि सरांसारखीच शेवटच्या शब्दाआधी थांबत गेली, आणि इतर जण शब्द पुरवत गेले. सर डोळे मिटून ऐकत होते.

एके ठिकाणी मास्तरांची बदली होते. शेवटचा दिवस, मुलं घरी गेलेली. रेवती वाचत होती, “मास्तर दारापर्यंत गेले, परत आले. फळ्यावर सकाळची बेरीज होती. त्यांनी फळा...”

ती थांबली. शब्द उघड होता, मुल्ला सरांच्या ओठांवर आलाही होता. पण सरांनी डोळे उघडले होते आणि भुवया उंचावल्या होत्या, म्हणून मुल्ला सर गप्प राहिले. सगळेच थांबले. सर शब्द शोधत होते. त्यांची नजर टेबलावर, कागदावरच्या भडंगावर, खिडकीवर फिरली. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज यायला लागला. रेवतीला वाटलं, आपणच म्हणून टाकावं.

“तसाच ठेवला,” सर म्हणाले.

पुस्तकात ‘पुसला’ होतं.

रेवतीने पानाकडे बघितलं, मग सरांकडे. अडीच वर्षांच्या खोट्या नोंदी तिने एकेक करून खोडल्या होत्या, शब्दन् शब्द जागेवर ठेवला होता.

“त्यांनी फळा तसाच ठेवला,” तिने वाचलं. पुढचं वाक्य मास्तरांच्या हाताला लागलेल्या खडूच्या धुरळ्याचं होतं, तेही तिने गाळलं आणि त्याच्या पुढच्या ओळीवर गेली. मुल्ला सरांनी मान डोलावली. चौगुले बाईंनी सरांच्या कपात चहा ओतला, आणि सर पुन्हा डोळे मिटून ऐकू लागले.